चालणं मोजायचं राहून गेलं

"पोरगी व्यायाम करते का काही?" नारायणगावच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. तिची आई सरूबाई म्हणाली, "न्हाई ओ. शाळंत जाती, घरी येती." आता शाळा त्यांच्या तळेघर गावापासून दीड तास पायी, मध्ये एक उभी चढण. पण या डोंगरात चालण्याला व्यायाम कोण म्हणतं? उद्या श्वास घेण्यालाही म्हणाल.

अकरा वर्षांच्या श्रेयाला लहान मुलांना होतो तो मधुमेह निघाला होता. तिच्या शरीरात इन्सुलिनच तयार होत नव्हतं. बाप, भरत, चाकणच्या कंपनीत. त्यामुळे बोटाला सुई टोचून मशीनवर साखरेचा आकडा बघणं, नाचणीची भाकरी मापून वाढणं, इंजेक्शन देणं, सगळं सरूबाई डोळ्यांत तेल घालून करायची. एवढं करूनही एका सकाळी चढणीवरच्या जांभळीखाली पोरगी मटकन बसली. अंग घामानं थबथबलेलं, बोलणं भलतंच. नशीब, त्या दिवशी सरूबाई मास्तरांना भेटायला सोबत निघाली होती. सत्तरच्या खाली जाऊ नये ती साखर मशीननं अठ्ठेचाळीस दाखवली. तिनं घाईघाईनं साखरेचं पाणी पाजलं.

पोर भानावर आली, तशी सरूबाईला मशीनचाच राग आला, खोटं बोलतंय म्हणून. तिनं सुई बदलली आणि स्वतःच्या बोटाला टोचली. सकाळपासून पोटात नुसता कोरा चहा, चढण तीच. आकडा आला ब्याण्णव. घरी येऊन पुन्हा टोचलं, तर एक्क्याण्णव.

भावकीतल्या बायका म्हणाल्या, "बास झाली शाळा. पोरीचा जीव मोठा का पुस्तक मोठं?" श्रेया दोन दिवस जेवली कमी, रडली जास्त.

सरूबाई तिला घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे गेली. दोघींचे आकडे पाहून ते म्हणाले, "बाई, तुमचं शरीर सारखं साखरेवर नजर ठेवतं. उतरायला लागली की इन्सुलिन आखडतं घेतं, यकृतात साठवलेली साखर सोडतं. चढली की उलट. टोचलेलं इन्सुलिन मात्र अर्ध्या वाटेवरून मागं बोलावता येत नाही. आणि चालण्यानं तर साखर आणखी उतरते. पोरगी रोज तीन तास चालते, हे तुम्ही मला आज सांगताय?" त्यांनी सकाळचं इंजेक्शन कमी केलं, चढणीआधी थांबून साखर बघायला आणि काहीतरी खायला सांगितलं.

परतीच्या जीपमध्ये सरूबाई आपलंच आयुष्य आठवत बसली. अडतीस वर्षांत तिनं मोळ्या वाहिल्या, श्रावणी सोमवार उपाशी काढले, होळीला पाच-पाच पुरणपोळ्या हाणल्या. झोपेतसुद्धा, बाळंतपणातसुद्धा आत कुणीतरी पापणी न लवता पहारा देत होतं, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. देवळातही कधी वाटलं नव्हतं एवढं नवल तिला वाटलं. तिचे डोळे भरून आले.

महिनाभर ती पोरीबरोबर चालली. मग एका सोमवारी श्रेया म्हणाली, "आई, आज तू नको येऊस. मला येतंय समदं."

सरूबाई बांधावर उभी राहिली. समोरच्या वाटेवर जांभळीखाली श्रेया बसली, तशी तिच्या काळजात धस्स झालं. पाय धावायला निघाले. पण पोरीनं दप्तर उघडलं, बोट टोचलं, मशीन पाहिलं. गुळाचा खडा तोंडात टाकला. मैत्रिणी पुढून हाका मारत होत्या, तरी ती उठली नाही. बराच वेळ थांबून तिनं पुन्हा बोट टोचलं. तिच्या शरीराला जे जमत नव्हतं, ते ती हातानं करत होती. मग दप्तर पाठीला लावून ती चढणीला लागली, मागं वळून न बघता.

सरूबाईच्या छातीतली धडधड हळूहळू आपोआप निवली. ती पुरती निवेपर्यंत तिनं छातीवरचा हात काढला नाही.