शेठ आले की काटा बंद

“ताई, तुम्ही फक्त एवढं सांगा की कॉम्प्युटर चांगला हाय. मग पोरीचं काय करायचं ते मी बघतो.”

शेठ हे मला काट्याच्या केबिनच्या दारात उभं राहून सांगत होते. ती पोरगी आतच होती. वैशाली तिचं नाव. मान खाली घालून कीबोर्डकडे बघत बसली होती. बाहेर कांद्याच्या ट्रॅक्टरांची आणि पिकअपची रांग लागलेली. मी येवला गाडीने विंचूरला उतरून, धूळ खात, चालत आले होते. पाणीसुद्धा कुणी विचारलं नव्हतं.

मी नेटवर्कची कामं करते. नाशकात गंगापूर रोडला आमचं लहानसं ऑफिस आहे. इतकी वर्षं झाली तरी लोक फोनवर विचारतात, “मॅडम, इंजिनियर कधी पाठवता?” इंजिनियर मीच, हे सांगून सांगून तोंड दुखलं. आता सांगत नाही. सरळ जाऊन उभी राहते.

शेठ कांद्याचे व्यापारी. सकाळी मार्केटला लिलावात माल घ्यायचा, मग त्या गाड्या आपल्या खळ्यावर आणायच्या, अशी इथली रीत. खळं म्हणजे कांदा उतरवायची, निवडायची जागा. गेटपाशी भुईकाटा असतो. गाडी आधी भरलेली तोलायची, रिकामी झाली की पुन्हा तोलायची. काट्यावरच्या कॉम्प्युटरमधून वजन केबलने मागच्या ऑफिसात जातं आणि तिथे शेतकऱ्याची पावती निघते.

आता थोडं पत्त्याविषयी. नेटवर्कवरच्या प्रत्येक मशीनला एक पत्ता लागतो, त्याला आयपी म्हणतात. एरवी राऊटर तो आपोआप वाटतो, पण रोज तोच देईल याचा भरवसा नाही. ऑफिसच्या सॉफ्टवेअरला तर काट्याचं मशीन रोज त्याच जागी सापडायला हवं. म्हणून तो पत्ता हाताने टाकून कायमचा करतात. हाच स्टॅटिक आयपी. काट्याच्या मशीनच्या पत्त्याचा शेवटचा आकडा होता सत्तावीस.

तक्रार अशी होती की हे मशीन दिवसातून मध्येच ऑफिसला दिसेनासं व्हायचं. मग वैशाली स्क्रीनवर बघून वजन फोनवरून सांगायची आणि ऑफिसातला माणूस ते हाताने टाकायचा. याआधी मी दोनदा येऊन गेले होते. दोन्ही वेळा मी पोचले तेव्हा सगळं झक्क चालू होतं. रोगी डॉक्टरसमोर ठणठणीत असतो, तसं.

शेठ मला बाजूला घेऊन म्हणाले, “मी मार्केटला असतो तवर काटा चालू असतो. मी येऊन खुर्चीवर टेकलो, की बंद. म्हणजे काय समजायचं? माझ्यासमोर वजन सरळ ऑफिसला जाऊ द्यायचं नाय. तोंडी सांगायचं. तोंडी सांगण्यात किलो इकडचे तिकडे करायला कितीसा वेळ लागतो?”

“पण ती असं कशाला करेल?”

“ते मला काय माहीत? मी उद्यापासून माझ्या मेव्हण्याच्या पोराला बोलावलंय.”

मला कंटाळा आला. मशीनचा नाही, या सुराचा. जिथे जावं तिथे मालकाला बिघाडाच्या आधी माणूस सापडलेला असतो.

मी केबिनमध्ये जाऊन वैशालीच्या शेजारी बसले. ती हळूच म्हणाली, “मॅडम, मी त्या सेटिंगला हात बी लावला नाय. बंद पडलं की नुसतं बंद करून चालू करते. कधी लागतं, कधी नाय लागत.”

“घाबरू नकोस. बघते मी.”

“नोकरीचं नाय हो. नोकरी दुसरी मिळंल. पण शेठ समद्यांसमोर म्हणले, काट्यावरची पोरगी काटा मारते. असं एकदा गावात झालं ना, तर मला कोण उभं करंल? घरचे बी बाहेर पाठवायचे नाय.”

काटा मारणं म्हणजे वजनात फसवणं. कांद्याच्या गावात यापेक्षा वाईट शिवी नाही.

मी कामाला लागले. मशीनचा पत्ता तपासला. सत्तावीस टाकलेला होता, पण मशीन स्वतः तो वापरत नव्हतं. कुठला तरी भलताच तात्पुरता पत्ता घेऊन बसलं होतं. मी सत्तावीस पुन्हा टाकला. थोडा वेळ चाललं, पुन्हा गेलं. केबल बदलली. तेच. मग मागच्या ऑफिसात गेले आणि तिथून सत्तावीसला पिंग केलं. पिंग म्हणजे त्या पत्त्यावर हाक मारून बघायची. कुणी असेल तर ‘ओ’ येते. लगेच ओ आली.

म्हणजे केबल ठीक, मशीन ठीक आणि सॉफ्टवेअर मात्र म्हणतंय काटा सापडत नाही. डोकं दुखायला लागलं. एक खूप साधी गोष्ट करायची राहिली होती. मी वैशालीला फोन केला.

“तुझ्या मशीनची नेटची केबल काढ. पूर्ण काढून हातात धर.”

“काढली मॅडम.”

मी पुन्हा हाक मारली. सत्तावीसने पुन्हा ओ दिली.

काट्याचं मशीन नेटवर्कच्या बाहेर, आणि त्याच्या पत्त्यावर बसून दुसराच कुणीतरी उत्तर देतोय. एका पत्त्यावर दोन बिऱ्हाडं. मग पोस्टमनने टपाल कुणाला द्यायचं? मी शेठना विचारलं, “इथे एवढ्यात नवीन काही बसवलंय का?”

“काय नाय. कॉम्प्युटर तेच जुने.”

“प्रिंटर? हजेरीचं मशीन?”

“नाय म्हटलं ना ताई.”

मग काय, मागच्या ऑफिसात जिथे सगळ्या केबली एकत्र येतात, त्या स्विचपाशी गुडघे टेकून बसले. एकेक केबल काढायची आणि हाक मारायची. एक पांढरी केबल काढली आणि ओ बंद झाली. ती केबल धरून मी भिंतीकडेने निघाले. कांद्याच्या गोण्यांमागून, खिडकीतून, थेट शेठच्या स्वतःच्या केबिनमध्ये. तिथे देवाच्या फोटोखाली एक काळा डबा होता. वर अगरबत्तीची राख. समोर टीव्ही, आणि टीव्हीवर वैशाली. वरून, पाठीमागून, खुर्चीसकट.

“हे काय आहे शेठ?”

“कॅमेऱ्याचा डबा. पोरीवर लक्ष ठेवायला बसवला. दिवाळीनंतर.”

“नवीन काही नाही म्हणालात ना?”

“कॅमेरा भिंतीवर हाय. तुमच्या कॉम्प्युटरचा त्याच्याशी काय संबंध?”

“याची केबल तुमच्या स्विचला जोडली होती ना? मग तोही नेटवर्कवरच आहे. याला पत्ता कोणी दिला?”

शेठ पहिल्यांदा जरा खुशीत आले. “मी सांगितला. सत्तावीस. आपल्या समद्या गाड्यांच्या नंबरची बेरीज नऊ हाय. मोबाइलची पण नऊ. काट्याला सत्तावीस टाकल्यापासून धंदा लय चांगला चालला. म्हटलं, डब्याला पण तोच टाक.”

कॅमेरेवाल्याने निमूटपणे टाकला होता. मालकाशी वाद कोण घालतो?

“आणि हा चालू कधी असतो?”

“मी आलो की बटण लावतो. जाताना बंद करून जातो.”

“कॅमेरा बंद करून जाता?”

“मग! मी नसताना बघणार कोण?”

मी खुर्ची ओढून बसले. हसावं की रडावं तेही कळेना. शेठ येऊन खुर्चीवर टेकायचे, अगरबत्ती लावायचे, बटण लावायचे. डबा जागा होऊन म्हणायचा, सत्तावीस मी. काट्याचं मशीन मागे सरायचं. शेठ टीव्हीत बघायचे तर पोरगी मशीन बंद-चालू करताना दिसायची. झाला पुरावा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोर देवाखाली बसला होता.

मी हे सगळं शेठना समजावून सांगितलं. त्यांनी डब्यावरची राख बोटाने पुसली. मग म्हणाले, “दोघांना सत्तावीस नाय ठेवता येणार?”

“नाही.”

“मग डब्याला छत्तीस टाका.”

टाकला. दोन मिनिटांचं काम. काट्याचं मशीन पुन्हा चालू केलं, डबा चालू ठेवून एक ट्रॅक्टर तोलला. वजन सरळ ऑफिसात गेलं, पावती निघाली.

शेठ बाहेर काट्यापाशी आले. मुकादम, हमाल, रांगेतले ड्रायव्हर, सगळे बघत होते. ते मोठ्याने म्हणाले, “मशीनमध्ये बिघाड होता. ताईंनी काढला. चला, गाड्या घ्या.”

वैशाली केबिनच्या दारात आली. मला म्हणाली, “मॅडम, मशीनमध्ये होता का बिघाड?”

एरवी मी गिऱ्हाइकाला उघडं पाडत नाही. पण मी थकले होते, आणि थकलेल्या माणसाला खोटं जुळवायचा कंटाळा येतो. म्हटलं, “नाही. मशीन चांगलं होतं. तूही.”

“मग काय मी बिघडलो होतो?” शेठ म्हणाले.

मुकादमाने उपरणं सोडून पुन्हा बांधलं.

“वैशाली, गाड्या घे,” शेठ म्हणाले.

ती जागची हलली नाही. म्हणाली, “शेठ, आधी सांगा. पोरीनं काटा मारला नाय, असं सांगा. तुम्ही समद्यांसमोर म्हणला होता.”

“नाय मारला,” शेठ पुटपुटले.

“मागच्या गाडीवाल्याला ऐकू गेलं नाय.”

मला वाटलं, संपलं, आता नोकरी गेलीच. शेठ कानशिलापर्यंत लाल झाले. मग त्यांनी रांगेकडे तोंड केलं आणि लिलावात बोलतात त्या आवाजात ओरडले, “पोरीनं काटा मारला नाय!”

वैशाली आत जाऊन बसली आणि पुढची गाडी घेतली. मेव्हण्याच्या पोराला शेठनी गोण्या मोजायला लावलं, असं नंतर कळलं.

या धंद्यात मी एक शिकले. बिघाड कुठे आहे हे शोधण्याआधी, तो होतो तेव्हा खुर्चीत कोण येऊन बसलेलं असतं, ते विचारावं. उत्तर बहुतेक वेळा आपल्याला बोलावणारा माणूसच असतो.