जमिनीवर ठेवलेला कोयता

यावलच्या वरच्या पाड्यांतून पोटामागे जळगावात उतरलेल्या लोकांनी वीसेक वर्षांपूर्वी शहराच्या कडेला दुकानांची एक ओळ धरली. टोपल्या, दोर, विळे. आता तिथे मोमोज मिळतात, मोबाइलची कव्हरं मिळतात, नखंही रंगवून मिळतात. तसल्या नखांनी कापूस कोण वेचणार, हे मात्र कोणी विचारत नाही.

जुन्यांत उरला एकटा धनाआबा, धार लावणारा. पाड्यावरचा एक नियम त्याने सोडला नव्हता. पातं कोणाच्या हातात द्यायचं नाही. जमिनीवर ठेवायचं, घेणाऱ्याने उचलायचं. हातातून हातात दिलेलं पातं म्हणजे उघड वैर.

टोपल्या विणणाऱ्या पुनाचा पोरगा भूषण आजूबाजूची दुकानं घेऊन कॅफे टाकत होता. आबाची जागा बरोब्बर मधे, दातात अडकलेल्या सुपारीसारखी.

"बठ्ठा गयात, आबा. तू कितला दिन बठशी?" जुनी दुकानं होती तिकडे हात करत भूषण म्हणाला.

"तुना बाप मरेपर्यंत आठेच बठना. मी बी बठसू," आबा बसल्या जागी जमीन थोपटत म्हणाला.

सोमवारी सकाळी भूषण शहरातले दोन गडी घेऊन आला. एकाने धारेचं चाक लाथेने उलथवलं. दुसऱ्याने आबाचं डोकं भिंतीवर आपटलं. आबाची बायको चमेलीबाई मधे पडली, तर तिच्या पोटात गुडघा बसला. आबाच्या हातात केळीचे घड कापायचा कोयता होता, नुकती धार लावलेला. गडी थबकले.

"दे तो इकडं," एक जण म्हणाला.

आणि जन्मभराच्या सवयीने आबाने कोयता जमिनीवर ठेवला. मूठ घेणाऱ्याकडे करून, अगदी नीट.

गड्याने तो उचलला आणि हाणला. आबाने डावा हात आडवा घातला. दोन बोटं कव्हरवाल्याच्या पायपुसण्यावर पडली. धारेला नाव ठेवायला जागा नव्हती.

गडी तुरुंगात गेला. भूषण सुटला; तो म्हणे तेव्हा चहा पीत होता.

महिन्याने आबा परत बसला. चाक चमेलीबाई फिरवू लागली. भूषण मऊ आवाजात आला, "आबा, दवाखान्याचं मी बघतो. जागेचं बोलू."

आबाने हातातलं काम संपवलं, कोयता पुसला आणि सरळ त्याच्यापुढे धरला.

"धर."

अख्खी ओळ दारात आली. कव्हरवाली, मोमोजवाली पोरं सगळी पाड्यावरचीच. समजावून सांगायची गरज नव्हती. भूषणचा हात अर्ध्यावर आला आणि खिशात गेला.

कॅफे आता दोन तुकड्यांत चालतो. मधे आबा बसतो, आठ बोटांनिशी.