आत्या हसली तेव्हा

आमची आत्या हसत नाही. म्हणजे दात आहेत, सगळे शाबूत आहेत, पण ते जेवणासाठी आणि माझ्यावर खाण्यासाठी. समुद्रात बुडी मारायला शिकवते ती. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, सगळा सरंजाम. दुकानामागच्या खोलीत ओले रबरी सूट दोरीवर टांगलेले असतात आणि त्यांच्यातून वाट काढत ती ओरडत असते, "श्वास रोखायचा नाही! फुप्फुसं फुटली तर नवी मिळत नाहीत!" विद्यार्थी तिला हेडबाई म्हणतात. मी भाची, म्हणून मला दुप्पट ओरडा.

तिची एक परीक्षा असते. खूप खोल गेलं की हवेतल्या नायट्रोजनची नशा चढते, माणूस न पिता झिंगतो. आणि झिंगलेल्याला आपण झिंगलोय हे कधी कळलंय? म्हणून ती बोटं दाखवते. आपण एक जास्त दाखवायचं. तिची दोन, आपली तीन. चुकलात की तिचा अंगठा वर, म्हणजे मुकाट्याने वर चला. अंगठा कुणीही दाखवो, वाद घालायचा नाही. पण हेडबाईंना वर चला म्हणायची छाती कोणाची होती?

त्या दिवशी आम्ही दोघीच एका बुडालेल्या जहाजापाशी उतरलो. मीही जरा हवेतच होते. एक खेकडा मला फार विद्वान वाटला. मागे वळून बघते तर काय, आत्या हसतेय! खांदे उडताहेत, बुडबुड्यांची नुसती कारंजी. माझी खाडकन उतरली. एका जाड्या माशाला ती हाताने 'आधी तुम्ही' म्हणत वाट देत होती. मग तिने तोंडातली नळी काढली आणि त्याच्यापुढे धरली. घ्या पाहुणे, लाजू नका!

बाई गं! मी झडप घालून नळी तिच्या तोंडात कोंबली आणि तिथेच दाबून धरली. तीन बोटं दाखवली. तिने तीच बोटं हातात घेऊन प्रेमाने हलवली. आत्या हातची जाते आता, एवढंच डोक्यात. मग अंगठा वर केला. तिने डोळे वटारले. मी त्याहून मोठे वटारले. शेवटी घराणं एकच. आणि जन्माची शिस्त बघा, नशेतही ती निमूट निघाली! मला सुसाट पळावंसं वाटत होतं. पण घाईने वर आलं तर रक्तात बुडबुडे होतात आणि सांध्यांपासून मेंदूपर्यंत कशाचंही वाटोळं होतं, हे तिनेच माझ्या डोक्यात ठोकून बसवलेलं. म्हणून तिचा पट्टा घट्ट धरून हळूहळू, मध्ये थांबत, मनातल्या मनात रडत वर आले.

होडीत तिने पाठीवरची टाकी उतरवली. मग म्हणाली, "सकाळी सर्दीची गोळी घेतली होती मी. गुंगीची."

"आत्या! गोळी घेतलेल्यांना तू दारातून परत पाठवतेस!"

"हो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान." तिने नाक पुसलं. "काय केलं गं मी खाली?"

"माशाला तुझी हवा देत होतीस."

"घेतली त्याने?"

"नाही."

"शहाणा होता." आणि आत्या हसायला लागली. मोठ्याने, पोट धरून. घाबरून मी चार बोटं तिच्या नाकासमोर धरली.

तिने पाचही बोटांनी माझा गाल धरला.

"पाच," ती म्हणाली. "आता हसू दे."