फेरीवाल्यांच्या बाजूने

आमच्या दिग्दर्शकाने पुण्याला पंधरा दिवसांचं शिबिर केलं आणि परत आल्यावर आमच्या रडण्यावर बंदी घातली. नट रडला की प्रेक्षक रडतो, रडून मोकळा होतो आणि घरी जाऊन जेवतो, असं त्याचं म्हणणं. प्रेक्षकाने विचार केला पाहिजे. म्हणून पडदा नको, रंगभूषा नको, खरं वाटेल असं काहीच नको. गळ्यात फलक अडकवायचा, टोपी बदलली की माणूस बदलला, आणि प्रसंग रंगात आला की मध्येच गाणं म्हणून तो तोडायचा. माझा गळा असा आहे की तोडायचं काम मी एकट्याने निभावलं.

नाटक होतं रस्त्यावरच्या भाजीवाल्यांना उठवतात त्याविरुद्ध. टोपी घातली की मी अधिकारी, काढली की सूत्रधार. एका मुलीच्या गळ्यात ‘भाजीवाली’ असा फलक आणि हातात रिकामी टोपली.

पहिला प्रयोग अकोल्याच्या जुन्या शहरात, संध्याकाळी, भर चौकात. तिथली मोक्याची जागा एका खऱ्या भाजीवालीने अडवली होती. ‘अडवली’ हा आमचा शब्द. ती तिथे कित्येक वर्षं बसत होती. दिग्दर्शक म्हणाला, खरी मेथी दिसली तर लोकांना नाटक खरं वाटेल, हिला हलवा. मी टोपी घालून तयारच होतो, म्हणून मला पाठवलं. मावशी, तासाभराचाच प्रश्न आहे, नाटक तुमच्यासाठीच आहे, असं मी गोड बोलून सांगितलं. हाच एक तास आपल्या गिऱ्हाइकाचा, असं ती म्हणाली. मग तिने टोपीकडे पाहिलं, पोतं गुंडाळलं आणि नालीपाशी जाऊन बसली. तिथे कोणी फिरकलं नाही, कारण तिचं सगळं गिऱ्हाईक आमच्याभोवती कडं करून उभं होतं.

शेवटी मी टोपी काढून प्रेक्षकांना थेट विचारलं, की सांगा, हिला कोणी उठवलं? यावर लोकांनी गप्प राहून व्यवस्थेचा विचार करायचा, असं ठरलं होतं.

नालीपासून आवाज आला, “ह्या भाऊनंच त उठोलं मले.”

टाळ्या थांबेनात. मला लाज वाटली, पण टाळ्याही हव्याच होत्या. दिग्दर्शक तर हरखूनच गेला. त्याने ते वाक्य संहितेत घातलं, आणि अमरावतीच्या स्पर्धेत फलकवाल्या मुलीला त्याच वाक्यावर अभिनयाचं बक्षीस मिळालं. फोटोत मीही हसतोय.

परत आल्यावर एका संध्याकाळी मी चौकात मेथी घ्यायला गेलो. माफी मागायचं मनात होतं. आधी जुडीचा भाव विचारायचा आणि मग विषय काढायचा, असा बेत होता. टोपी घरी होती. तिने मला लांबूनच ओळखलं आणि पोत्याची टोकं गोळा करायला घेतली.

“थांबा भाऊ, उचलतो,” ती म्हणाली.