नदीकाठची वहिवाट

नदीकाठच्या खडीच्या वाटेनं एक म्हातारी रोज सकाळी सायकलवर यायची. वाटेवर ना गाडी, ना माणूस, तरी घंटी वाजवायची. वाट बंद करायला प्लॉटवाल्या शेठनं साखळी लावलेली आणि राखायला मला बसवलेलं. मी लातूरकडचा, शाळा सातवीत सुटलेली. नोकरी जाईल ही धास्ती कायम. ती साखळीशी उतरायची, सायकल उचलून पलीकडं ठेवायची, पदर खोचून पुन्हा टांग मारायची.

“मावशी, पलीकडं रोज काय काम असतं?”

“काय बी न्हाय. पन एक दिस चुकला, तर तुझा शेठ म्हनंल हितं वहिवाटच नव्हती. अडव मला, बगू!”

मी अडवलं नाही. इथं नवा असताना तापानं पडलो, तेव्हा तिनंच पेज आणून दिली होती.

परवा शेठनं कागद पुढं केला. ‘या वाटेनं कोणीही ये-जा करत नाही.’ खाली राखणदाराची सही हवी होती. तेवढं वाचता येतं मला. सही न करताच पेन परत दिलं.

“रोज जातात, शेठ,” मी म्हणालो. “आत्ताच गेल्यात. थांबा, परत येताना तुम्हीच बघा.”