मेहरूणची दोन वर्षं

दहावीनंतर माझ्या मैत्रिणी पुण्याला निघाल्या आणि आबांनी मला जीपमध्ये बसवून सावद्याहून जळगावला, मेहरूणला आत्याकडे आणून सोडलं. तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. वाटेत मी एक अक्षर बोलले नाही. "दोन वर्सं आठी राह्य, मंग जाय कुठी बी," एवढंच आबा म्हणाले. आपल्या बापाचा आपल्यावर भरवसा नाही, ही अढी मी थेट एडिनबरापर्यंत वागवली.

इथे मी मानवी भ्रूणाच्या मूलपेशींवर काम करते. अशी पेशी पुढे मेंदूची होऊ शकते, हृदयाची होऊ शकते. जनुकं सगळीकडे तीच. कोणती उघडी आणि कोणती मिटलेली, हे त्यांच्यावरच्या रासायनिक खुणा ठरवतात. मला चेतापेशी घडवायच्या होत्या. पण पेशी ज्यात वाढतात ते जुनं मीडियम, म्हणजे पोषक द्रव, काढून चेतापेशींसाठीचं नवं घातलं की दोन दिवसांत सगळी डिश मेलेली! लॅबच्या प्रमुखबाईंनी शेवटची संधी दिली. नाही जमलं तर प्रकल्प बंद, मी परत सावद्याला.

रविवारच्या फोनवर आबांसमोर रडले. त्यांना यातलं काय कळणार, असं वाटत होतं. पण केळीची टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं आपल्याकडे पहिल्यांदा आली, तेव्हा आबांनी घाईने ती थेट वावरात लावली होती आणि सगळी करपली होती. पुढच्या वर्षापासून ते रोपं हिरव्या जाळीखाली ठेवत आणि उन्हाची सवय व्हावी म्हणून जाळी रोज थोडी थोडी सरकवत.

"एकदम नको बदलू वं माय. त्याईले आधीचं इसरायले येळ लागते," आबा फोनवर म्हणाले.

मग मीही मीडियम थोडं थोडं बदललं. जुन्या खुणा पुसायला आणि नव्या उमटायला पेशींना सवड मिळाली. काही आठवड्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली चेतापेशींचे लांब धागे दिसले आणि मी खुर्चीतच हुंदके देत बसले.

बातमी ऐकून आबा म्हणाले, "रोपं जयाली, करपली माह्या हातून. मंग तुले कसं एकदम पुण्याच्या उन्हात लावू?"

एकटीने बँकेत जाणं, आजारी पडल्यावर दवाखाना गाठणं, रडू आवरून अभ्यासाला बसणं, हे सगळं मी मेहरूणला शिकले. आबा, त्या दोन वर्षांमुळेच मी इथे टिकले. जीपमध्ये बोलले नव्हते, म्हणून आज लिहिते.

त्या दिवशी मी वळूनही पाहिलं नाही. तुम्ही मेहरूणच्या तळ्याकाठी जीप थांबवून अंधार पडेपर्यंत बसून होतात, हे अक्काने मला परवा सांगितलं. घर म्हटलं की आता मला ती थांबलेली जीप दिसते.