अण्णा चपला मोजतात

आमच्या सोसायटीत काही वाया जात नाही. ओल्या कचऱ्याचं खत होतं, आंघोळीचं पाणी बागेला जातं. किस्से मात्र नुसते साचत राहतात!

गोदाकाठी खेळाडूंसाठी बांधलेलं वसतिगृह रिकामं पडलं होतं. ते न पाडता त्याची चाळीस घरं केली. साइट सुपरवायझर मीच. काम संपल्यावर मीही तिथेच राहायला आलो. वसतिगृहाबरोबर जुने वॉचमन अण्णाही आम्हाला मिळाले.

*

जुनीच दारं वापरायची, हा आर्किटेक्ट मॅडमचा हट्ट. दारांवर खेळांची नावं रंगवलेली. नव्या जोडप्याच्या वाट्याला नेमकं 'कुस्ती' आलं! मी म्हटलं, "पुसून देतो." नवरा हो म्हणायच्या आत बायको म्हणाली, "राहू द्या दादा. येणाऱ्याला आधीच कळलेलं बरं!"

*

बागेतली पहिली मेथी निघाली. तळमजल्यावरच्या काकूंनी नाक मुरडलं. "सगळ्या बिल्डिंगच्या आंघोळीवर वाढलेली भाजी? मी नाही बाई खाणार!"

अण्णा म्हणाले, "काकू, मंडईतली काय फिल्टरच्या पाण्यावर वाढती व्हय?"

काकूंनी दोन जुड्या नेल्या.

*

अण्णांना एकच खोड. दिवेलागणीला दारोदारच्या चपला मोजायच्या. खेळाडू होते तेव्हा नदीवर कोण राहिलंय, ते त्यांना बुटांवरून कळायचं. आता कुटुंबं आली तरी मोजणी चालूच. सेक्रेटरी निकमसाहेब वैतागले. "हे काय देऊळ आहे? कॅमेरा बसवू. तो दुपारी डुलकी तरी घेत नाही!"

अण्णांची नोकरी जाणार, हे उघड दिसत होतं. मला फार वाईट वाटलं.

त्याच आठवड्यात अण्णांनी एका घराची बेल वाजवली. "आजोबांचा जोड नाय दिसत."

सून म्हणाली, "ते आत टीव्ही बघताहेत."

टीव्ही चालू होता, आजोबा नव्हते! पाय मुरगळून घाटाच्या पायरीवर बसले होते. अण्णांनी पाठुंगळी मारून आणलं. वर आजोबांचाच तोरा, "आज उशीर केलास रे!"

*

रविवारी दुपारी अंगणात सभा. अण्णा की कॅमेरा? निकमसाहेबांसमोर हात वर करायला सगळ्यांनाच संकोच. काकू म्हणाल्या, "ज्यांना अण्णा हवेत, त्यांनी घरटी एक जोड त्यांच्या वॉचमन केबिनपाशी ठेवा. मोजतील तेच!"

एकच गर्दी उडाली. मग अण्णा एकेका जोडाला बोट लावत मोजू लागले. "अडतीस... एकोणचाळीस... चाळीस."

सगळ्यांनी मागे वळून बघितलं.

निकमसाहेब तापलेल्या फरशीवर एकदा हा पाय, एकदा तो पाय करत उभे होते. "अण्णा, मोजून झालं असेल तर माझा जोड द्या बघू. पाय भाजताहेत!"